थांबायचं न कळलेल्या पेशी

मी एक म्हातारा पांढरा उंदीर आहे. माझा जन्म प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यात, लाकडाच्या भुशावर झाला. मित्रांनो, तुम्हाला आम्ही गरीब वाटत असू. पण वयात आलेले नर एका पिंजऱ्यात ठेवले, की रक्त निघाल्याशिवाय राहत नाही. माझा भाऊ तर भारीच दांडगा. पिंजरे धुणारे मामा त्याला ‘पैलवान’ म्हणत.

संशोधन करणाऱ्या ताई आम्हाला पेप्टाइड टोचत. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा इवलासा तुकडा. पण त्याचा निरोप पोचला, की रक्तातल्या पांढऱ्या पेशी भराभर वाढतात आणि जंतूंवर तुटून पडतात. शेजारच्या पिंजऱ्याला नुसतं मिठाचं पाणी मिळे. मग सगळ्यांना सारखेच जंतू टोचले. शेजारचे नाकातून रक्त येऊन मेले. आम्ही तापलो, थरथरलो, पण उठून दाणे खाल्ले.

ताईंचे सर खूश झाले. “वा! आता दुप्पट द्या.”

“इतक्यात नको सर. थोडं थोडं वाढवून बघू.”

“असं घाबरून संशोधन होतं का?”

त्याच सकाळी पैलवानानं माझा कान फाडला. “अरे, जीव घेशील त्याचा!” म्हणत मामांनी मला उचलून वेगळं ठेवलं. जखमी म्हणून मला दुप्पट मात्रा मिळाली नाही; बाकी सगळ्यांना मिळाली.

जंतू केव्हाच संपले होते; पण वाढलेल्या पेशींना थांबायचं कळेना. त्या फुप्फुसांवरच उलटल्या. समोरच्या पिंजऱ्यात माझे सोबती श्वासासाठी तडफडू लागले, दिसेल त्याला चावू लागले. भुसा लाल झाला. पैलवान जाळीला तोंड लावून माझ्याकडे बघत होता. त्यानं येऊन मला चावावं, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. तो जाळीजवळच आडवा झाला.

ताईंनी सगळ्यांना चिरून पाहिलं. सर म्हणाले, “आधीच आजारी असतील. त्यांना मोजणीतून वगळा.”

“नाही सर. सुई माझ्या हातानं गेलीय. हे मेले, हे सांगावंच लागेल. उद्या माणसाला टोचायचंय ना हे?”

दुप्पट मात्रा बंद झाली.

ताईंनी मग पेशींना आवर घालणारं दुसरं पेप्टाइड शोधलं. मला आधी पहिलं दुप्पट दिलं. छातीत आग पेटली, डोळ्यांपुढे अंधार आला. मग दुसरं टोचलं, आणि हळूहळू श्वास मोकळा झाला. “तगला हो!” मामा ओरडले. ताई तोंड फिरवून रडल्या.

आज मामांनी विचारलं, “ताई, याला घरी नेऊ का? म्हातारा झालाय.”

“नाही हो मामा. याची फुप्फुसं आतून बघितल्याशिवाय माणसाला कसं द्यायचं?”

मामांनी गुपचूप माझ्याखाली कोरडा भुसा घातला. आता ताई हात धुताहेत.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. औषध हातात आलं, की त्यानं कोण वाचलं हे तुम्हाला सगळे सांगतील. कोण मेलं, हे तुम्ही विचारा.