ओठांवरचं गाव

"ओरडू नकोस रे नॉर्मन. ओरडलास की तोंड वाकडं होतं तुझं, आणि मग मला काही म्हणता काही ऐकू येत नाही."

नॉर्मन कॅटलो वरमला. नगरपालिकेचा चिटणीस झाला, गळ्यात टाय आला. पण आयडा हॅस्लमच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की तो पुन्हा शेजारच्या मेबलचा नाक गळणारा पोरगाच व्हायचा. त्यानं चहाचा कप खाली ठेवला, ओठ चांगले सुटे केले आणि आवाज न काढताच म्हणाला, "शनिवारी दुपारी. एम्प्रेस थिएटर. पहिल्या दोन रांगा आल्बर्ट गिरणीच्या बायकांना."

"हां! आता कसं स्वच्छ ऐकू आलं," आयडा म्हणाली.

शेकोटीपाशी विणत बसलेली फ्लोरी टॅटरसॉल खुदकन हसली. आयडा आणि फ्लोरी शेजारी शेजारी माग चालवत म्हाताऱ्या झाल्या होत्या. गिरणी बंद पडून तिथं सतरंज्यांचं गोदाम झालं, तरी फ्लोरी रोज सकाळी आयडाकडे यायचीच.

"फळा लावताय म्हणे थिएटरात?" फ्लोरीनं विचारलं.

"मोठा! ओकच्या लाकडाचा. हार्लशॉमधून जितके म्हणून नट, गाणारे, हसवणारे निघाले, त्या सगळ्यांची नावं सोनेरी अक्षरांत." नॉर्मन क्षणभर थांबला. "आणि फळ्यावरचा पडदा ओढायला क्लेम डकवर्थ येतोय, आपला रेडिओवर हसवणारा."

फ्लोरीच्या सुया थांबल्या. आयडा मात्र बटाटा भरून भाजलेल्या 'पाय'वर सुरी धरून तुकडे करत राहिली, फक्त एक तुकडा जरा वाकडा कापला गेला.

"पण मावशी, त्याच्या घशाचं ऑपरेशन झालंय. आवाज गेला. थोडा नाही, पार गेला."

"मग येऊन करणार काय तो?"

"उभा राहील नुसता. त्याची रेडिओवरची जुनी टेप आहे, ती लावू आम्ही. लोक टाळ्या वाजवतील. मग बसेल."

"म्हणजे माणूस उभा आणि आवाज पेटीतून?" आयडानं सुरी खाली ठेवली. "अरे, हे तर मयताला करतात तसं झालं."

"दुसरं काय करू सांग ना! लंडनचे पाहुणे येणार, पेपरवाले येणार—"

"तेच म्हणते मी. येतील आणि क्लेम डकवर्थची कीव करून परत जातील. या गावातल्या माणसाला लोक हसले तर चालेल, नॉर्मन. त्याच्यासाठी हळहळले तर मला चालणार नाही."

*

इवलंसं गाव ते. दोन टेकड्यांच्या मधल्या खळग्यात गिरण्यांच्या चिमण्या उभ्या आणि त्यांच्या पायाशी काळ्या दगडांच्या घरांच्या ओळी. पण सिनेमातला खलनायक इथला, रेडिओवरची लाडकी आत्याबाई इथली, बाहुली मांडीवर घेऊन बोलणारा इथला, आणि हसवणारे तर विचारूच नका. बाहेरचे लोक विचारत, तुमच्या पाण्यात आहे तरी काय? पाद्री म्हणायचा, चर्चमधलं सामूहिक गाणं. हेडमास्तर म्हणायचा, शाळेतली नाटकं.

आयडा म्हणायची, साचेखातं.

शेकडो माग एकदम चालायचे तिथं. फरशी थरथरायची, दात थरथरायचे. त्या गदारोळात घसा फोडून उपयोग नसायचा, म्हणून बायका ओठांनी बोलत. एकेक शब्द चेहऱ्यावर नीट मांडायचा, भुवईनं त्याला स्वल्पविराम द्यायचा, खांद्यानं पूर्णविराम. 'मीमॉ' म्हणत त्या बोलीला. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा नवरा पिऊन आला, सगळं मागांच्या ओळी ओलांडून सुखरूप पोचायचं. गाणीसुद्धा तशीच, बिनआवाजाची. आयडाच्या आईनं एक जोडलं होतं:

खटखट गं मागाची, कान झाले गं पाषाण,
ओठांवरचं बोलणं, डोळे घेती गं ऐकून.

पोरं ही बोली आईच्या मांडीवरच शिकायची. आणि जो बारा माग ओलांडून विनोद पोचवू शकतो, त्याला थिएटरातली शेवटची बाकडी ती काय दूर!

क्लेम तिथं जॉबर होता. बिघडलेले माग दुरुस्त करता करता तो चेहऱ्यानं नकला करायचा. कसोटी एकच, आयडा हॅस्लम. ती सहजी हसायची नाही. ती हसली की विनोद पक्का. तिनं नुसती भुवई उडवली, तर तो विनोद त्याच दिवशी कापसाच्या कचऱ्याबरोबर बाहेर. पुढं देशभर गाजलेले त्याचे सगळे विनोद आधी आयडाच्या चार मागांवरून पार झाले होते. हे तिनं कधी मिरवलं नाही. पण रेडिओवर तो लागला आणि लोक कुठं हसणार हे तिला आधीच कळलं, की ती खुर्चीत जराशी ताठ बसायची.

एक गोष्ट मात्र तिनं फ्लोरीलाही सांगितली नव्हती.

क्लेमचा गिरणीतला तो शेवटचा शुक्रवार. खिशात लंडनचं तिकीट. मागांच्या पलीकडे उभा राहून त्यानं टोपी काढली आणि ओठांनी म्हणाला, "आयडा, माझ्याबरोबर चल. लग्न करू."

घरी आई अंथरुणाला खिळलेली. हो म्हणता येत नव्हतं, आणि नाही म्हणायला ओठ उचलत नव्हते. मीमॉमध्ये न ऐकण्याचा एकच मार्ग असतो: नजर खाली घालायची. तिनं नजर खाली घातली. धोटा उचलून त्याच्या भोकातून दोरा ओठांनी ओढून घेतला, जणू तोच तुटला होता. वर पाहिलं तेव्हा तो नव्हता. पुढं लंडनला त्याचं लग्न झालं, संसार झाला, बायको देवाघरी गेली, हे सगळं तिला पेपरातून कळत गेलं. आणि त्या शुक्रवारचं काय, तर आवाजच झाला नव्हता. म्हणजे बोललंच गेलं नाही. आयडानं ते चाळीस वर्षं तसंच घडी घालून ठेवलं होतं.

*

शनिवारी एम्प्रेस वरच्या सज्ज्यापर्यंत भरलं. पुढच्या दोन रांगांत नव्याजुन्या टोप्या घातलेल्या म्हाताऱ्या, पिशवीत पेपरमिंटच्या गोळ्या. महापौर बोलले, बरंच बोलले. मग पडदा सरकला, फळा झळकला आणि क्लेम पुढं आला. उंच, वाळलेला, डोक्यावर टोपी, गळ्याला रेशमी रुमाल. नॉर्मननं कळ दाबली आणि तरणा, खणखणीत आवाज सभागृहभर घुमला, "काय मंडळी, जेवलात का?"

क्लेम त्या आवाजाखाली उभा होता. एखाद्याचा कोट चुकून आपल्या अंगावर चढावा, तसा. त्यानं हात वर केला. बंद कर. नॉर्मन गांगरला, टेप थांबली.

क्लेमनं पुढच्या रांगांवरून नजर फिरवली, ती आयडावर येऊन टेकली, आणि ओठ हलले.

"डॉक्टर म्हणाले, तुमचा आवाज जाणार. मी म्हटलं, कुठं? म्हणाले, गेला की परत येत नाही. म्हटलं, मग सुट्टी काढून ब्लॅकपूलच्या समुद्रावरच गेला असणार!"

पुढच्या दोन रांगा फुटल्या. फ्लोरीनं मांडीवर थाप मारली. पण मागं सगळं गप्प. आयडानं वळून पाहिलं. आठव्या रांगेत पिसांची टोपी घातलेली एक पाहुणी शेजारणीच्या कानाला लागली होती. कुजबुजत होती म्हणून काय झालं? आयडानं तिथूनच वाचलं: "बिचारा."

बिचारा! आयडाचे कान लाल झाले. ज्याचा विनोद शेवटच्या बाकड्यावर पोचला नाही असं कधी झालं नाही, त्याचा आज आठव्या रांगेत अडकला होता.

ती उठली. काठी टेकत रंगमंचाच्या कडेशी गेली, एक खांदा क्लेमकडे, एक लोकांकडे.

"आयडा, अगं कुठं चाललीस?" फ्लोरी.

"गप गं." आणि मग साचेखात्यात कधी कामाला न आलेला आवाज तिनं उघडला. "डॉक्टर म्हणाले, तुमचा आवाज जाणार!"

तिनं शब्द त्याचे घेतले, थांबणंही त्याचंच घेतलं. कुठं श्वास घ्यायचा, कुठं लोकांना लोंबकळत ठेवायचं, तिला ठाऊक होतं. ब्लॅकपूलवर सज्जा हसला. क्लेमचे डोळे चमकले. तो पुढं बोलू लागला, ती बोलू लागली. जरा वेळानं कुणी तिच्याकडे बघेनासंच झालं. लोक त्याच्या चेहऱ्याकडे बघत आणि आवाज त्याचाच आहे असं ऐकत.

"लंडनमध्ये चाळीस वर्षं मी बोललो की लोक हसायचे," तो म्हणाला, ती म्हणाली. "मी गप्प बसल्यावर हसणारे फक्त हार्लशॉचे!"

छप्पर उडायचं बाकी राहिलं. पिसांची टोपी गदगदा हलत होती. टाळ्या थांबेनात. आणि त्या टाळ्यांच्या गदारोळात, जिथं घसा फोडूनही उपयोग नव्हता, क्लेमनं टोपी काढली.

"आयडा," त्याचे ओठ म्हणाले, "त्या शुक्रवारी मी एक विचारलं होतं. तू पाहिलं होतंस का?"

टाळ्या ओसरल्या.

"काय म्हणाला? काय म्हणाला?" सज्ज्यातून आवाज आले.

पण पुढच्या दोन रांगांत टाचणी पडली असती तरी दिसली असती. एकही म्हातारी हलत नव्हती. तेव्हा आयडाच्या ध्यानात आलं. ज्या गावात बाईन् बाई ओठ वाचते, तिथं या माणसानं आवाज नाही म्हणून गुपित बोललं! आणि तेही दुसऱ्यांदा.

तिनं फ्लोरीकडे पाहिलं. फ्लोरीनं आवाज न करता म्हटलं, "अगं बये, अख्ख्या खात्यानं पाहिलं होतं तेव्हा. तूच तेवढी धोट्यात बघत होतीस."

चाळीस वर्षं! रोज सकाळी चहा, रोज गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या, आणि यातलं एक अक्षर कुणी तिच्यासमोर ओठांवर येऊ दिलं नव्हतं. आयडानं त्या दोन रांगांकडे पाहिलं. सुरकुतलेली तोंडं, दातांच्या कवळ्या, जुन्या टोप्या. तिला वाटलं, फळ्यावर खरं तर यांचीही नावं हवीत. इतका बेमालूम अभिनय सिनेमातल्या त्या खलनायकाला तरी जमला असता का?

ती क्लेमकडे वळली, आणि मान वर ठेवून, शब्द शब्द सुटा करून, बिनआवाजी म्हणाली, "पाहिलं होतं. सगळं. आई होती रे घरी."

क्लेमनं हळूच मान हलवली. पुष्कळ दिवस दारात उभं राहिलेल्या माणसाला आत बोलवावं, तसा त्याचा चेहरा झाला.

"अहो, काय म्हणाला तो?" सज्जा पुन्हा ओरडला.

आयडानं घसा साफ केला. "तो म्हणतोय, हार्लशॉच्या बायकांपुढं माणसानं तोंड हलवू नये!"

त्या दिवसातला सर्वांत मोठा हशा तो. हसणाऱ्यांत पहिला क्लेम होता, आणि त्याच्या त्या बिनआवाजी हसण्याकडे हळहळून पाहणारं सभागृहात कुणी उरलं नव्हतं.

*

संध्याकाळच्या गाडीनं तो निघाला. फलाटावर निरोपाची गर्दी, खिडकीची काच बंद. लोक काचेवर टकटक करत होते, हातांचे कर्णे करून ओरडत होते, आतल्यांना काही ऐकू जात नव्हतं. आयडा मात्र दोन हात अंतरावर निवांत उभी होती. काचेच्या अलीकडे ती, पलीकडे तो, आणि बोलणं कसं घरच्या ओट्यावर बसल्यासारखं चाललेलं. चहाबरोबरचा बटाट्याचा 'पाय' छान झाला होता, तो म्हणाला. मीठ कमी पडलं, ती म्हणाली. पुढच्या महिन्यात पुन्हा येतो. ये की, तुझे पाय धरलेत कुणी?

शिट्टी झाली, गाडी हलली. बाकीच्यांचे आवाज लगेच तुटले. त्यानं काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि दुरून, आणखी दुरून, तो काहीतरी बोलत राहिला. वाऱ्यानं त्याचा रुमाल फडफडत होता. आयडानं नजर खाली घातली नाही. चेहरा बोटाएवढा झाला, मग नखाएवढा, तरी ती वाचत होती.

मग ती वळली. फ्लोरी जवळच उभी होती. पण रुळांकडे पाठ करून, चहाच्या टपरीवरच्या भावफलकाकडे टक लावून. जणू बनपावाचा भाव तिला आजच कळत होता.

"गेली का गं गाडी?" तिनं न वळताच विचारलं.