बाल्कनीखालची गाडी

जावयाने तीन वस्त्या सुचवल्या आणि चौथीचं नाव काढलं नाही. चौथी म्हणजे तो स्वतः राहत होता ती.

"बाबा, एवढ्या मोठ्या शहरात येताना राहायचा भाग नीट निवडावा लागतो," तो फोनवर म्हणाला. आयुर्विमा विकून विकून त्याची जीभ गुळगुळीत झाली होती. "स्टेशनजवळ सगळं हाताशी. तळ्यापलीकडे शांतता. विमानतळाकडे नवी कोरी वस्ती, एकदम स्वच्छ. तुम्ही फक्त बोट दाखवा, बुकिंग मी करतो."

फोन ओट्यावर स्पीकरवर होता. बायको विणायच्या सुया थांबवून ऐकत होती. लेकीला मुलगी झाली होती आणि आजीने अजून नातीचं तोंड पाहिलं नव्हतं. आधी म्हणे बाळ नाजूक आहे. मग म्हणे घरात रंगकाम काढलंय. मग म्हणे सासऱ्यांची तब्येत. तेवढ्यात बाळ वाढलं, म्हणून विणत आणलेला पिवळा स्वेटर तिने अख्खा उसवला आणि पुन्हा मोठ्या मापाने विणायला घेतला.

नवरा शववाहिका चालवायचा. गावात धड हॉस्पिटल नव्हतं. माणसं मरायला शहरात जायची आणि हा त्यांना परत आणायचा. गावाने त्याला 'पोहोचवे' असं नाव ठेवलं होतं. समोर दिसला की लोक दात काढायचे, "काय पोहोचवे, आज कुणाकडे?" आणि दात काढता काढताच दोन पावलं मागे सरकायचे.

शहरातल्या घरांतूनही त्याला बोलावणी यायची, म्हणून शहर त्याला तोंडपाठ होतं, पण त्याच्या पद्धतीने.

"स्टेशनजवळचे जिने अरुंद," तो जावयाला म्हणाला. "तिथला माणूस आडवा उतरतच नाही. खुर्चीत बसवून, चादरीने बांधून उतरवावा लागतो. तळ्यापलीकडचे लोक गाडी मागच्या गल्लीत लावायला सांगतात, शेजाऱ्यांची भूक मरायला नको म्हणून. विमानतळाकडे लिफ्ट ऐसपैस आहेत, पण रडायला कुणी नसतं. वॉचमनला सांगायचं आणि उचलायचं."

"बाबा, प्लीज."

"आणि तुमच्या कॉलनीत?"

"आमच्याकडे लॉज कुठाय?"

"पेट्रोल पंपासमोर आहे की. तुमच्याच गल्लीतल्या प्रोफेसरबाईंना न्यायला आलो होतो, तेव्हा तिथे चहा प्यायलो."

"ते बंद झालं, बाबा."

तो पुढे काही बोलणार, तोच बायकोने त्याचं मनगट धरलं. "स्टेशनजवळ चालेल हो आम्हाला," ती फोनकडे वाकून म्हणाली. "नातीला बघायचंय, भिंती काय बघायच्यात?"

लग्नाच्या वेळी त्याने व्याह्यांना 'वाहतुकीचा धंदा' असं सांगितलं होतं. त्यात खोटं काय होतं? पुढे एका मयताच्या घरी दोघं समोरासमोर आले. व्याही पांढऱ्या कपड्यांत, हा स्ट्रेचरच्या दांड्या धरून. निवृत्त हेडमास्तर माणूस. त्या दिवसापासून त्यांनी याच्याशी हात मिळवला नाही. त्यांना स्वतःला हृदयाचं दुखणं होतं आणि मरणाची अशी काही भीती, की जणू ते याच्याच गाडीतून येतं.

नवराबायको निघाले ते शववाहिकेतूनच. धंद्याचा नियम असा, की शहरातून रिकामं परतायचं नाही. त्याने शवागारात कळवून ठेवलं होतं, परतताना गावाकडचं कुणी असेल तर नेईन. बायको पुढे त्याच्या शेजारी बसली. तिला त्यात काहीच वाटायचं नाही. तिचे गुडघे कामातून गेले होते. गाडी अंगणात उभी असली की ती मागचं दार उघडून तिथेच टेकायची, तिथेच भाजी निवडायची. स्ट्रेचरची चादर तीच धुवायची, उकळत्या पाण्यात घालून, कडक उन्हात वाळवून. घरच्या चादरी त्या चादरीपुढे मळकट दिसायच्या.

स्टेशनजवळच्या लॉजमध्ये खिडकी उघडली की समोरच्या भिंतीला हात लागायचा. बायकोने येताच तोंड धुतलं, चांगली साडी नेसली आणि चपला पायात ठेवूनच पलंगाच्या कडेवर बसली. लेक बाळाला घेऊन येणार होती. आली नाही. बाळाला सर्दी. दुसऱ्या दिवशी पुन्हा साडी, पुन्हा चपला, पुन्हा पलंगाची कड. दुपारी फोन आला.

"आई, नको गं वाट बघूस," लेक दबक्या आवाजात म्हणाली. "इथे कुणाला पटत नाही."

"काय पटत नाही?"

"बाबांच्या हातांनी... तूच विचार कर ना. दिवसभर काय उचलतात ते हात? आणि मग बाळाला घेणार?"

"ते नाही घेणार. लांब उभे राहतील. मी एकटी येते."

"तू तरी काय, आई? त्यांचे कपडे तूच धुतेस ना? त्या चादरी कोण धुतं?"

बायकोने फोन ठेवला. रडली वगैरे नाही. मोरीत गेली आणि साबणाने हात धुवायला लागली. कोपरापर्यंत धुतले. पुन्हा धुतले. ते बघून त्याचं डोकं फिरलं. ज्या कमाईवर लेक शिकली, तिला नवरा मिळाला, ती कमाई याच हातांची. तेव्हा कुणाला वास आला नाही!

तेवढ्यात लॉजचा मालक दारात. "काका, तुमची ती गाडी जरा दुसरीकडे लावा. गिऱ्हाईकं परत जायला लागलीत."

"लावतो," तो म्हणाला. बायकोकडे वळला. "उठ. भाग बदलू."

"कुठे?"

"आपण निवडू तिथे."

कॉलनी छान होती. दुतर्फा झाडं, झाडांना नंबर, कुत्र्यांच्या गळ्यात पट्टे. पेट्रोल पंपासमोरचं लॉज धडधडीत उघडं होतं. त्याने ते बायकोला दाखवलं नाही. भर दुपारी त्याने गाडी लेकीच्या इमारतीत आत घेतली आणि लावली, जशी आयुष्यभर लावली तशीच. म्हणजे रिव्हर्स घेऊन, मागचं दार जिन्याच्या तोंडाशी. उतरून दार उघडलं, स्ट्रेचर अर्धा बाहेर ओढला. मनात काही नव्हतं. हातांनीच केलं सगळं.

पहिल्या मजल्यावरचा चष्मेवाला खाली आला. आवाज आधीच खाली आणलेला. "कधी गेले हो?"

"कोण?"

"सर. तिसऱ्या मजल्यावरचे."

"सकाळी तर बाल्कनीत दात घासत होते," मागून एक बाई म्हणाली.

"असंच असतं. बसल्या बसल्या जातो माणूस."

"सुटले म्हणा."

"सून सुटली, असं म्हणा."

बघता बघता जिन्यात माणसं झाली. एक बाई चेहरा पाडून वर गेली, बेल वाजवली, आणि सरांनी स्वतः दार उघडलं. तिने अशी किंकाळी फोडली, की क्षणभर सरांनाच खरं वाटलं असावं. ते धावत बाल्कनीत आले, खाली वाकले आणि त्यांना गाडी दिसली. दार उघडं, चादर घातलेली, तयार.

"घ्या ती! घ्या आधी बाहेर!" ते ओरडले. "मी आहे अजून! मी जिवंत आहे!"

कुणीतरी फिसकन हसलं.

जावई तीन-तीन पायऱ्या उड्या मारत खाली आला. जीभ पार कोरडी पडलेली. "बाबा, ही काय थेरं? गाडी हलवा."

आणि त्या क्षणी पोहोचव्याला कळलं, की आपल्या हातात काय आहे. उभ्या जन्मात तो ज्या दारात गेला, त्या दाराला तो लवकर जायला हवा असायचा. आणि तो जायचा. मान खाली घालून. आज तो गाडीच्या बंपरला टेकला आणि त्याने हाताची घडी घातली.

"हलवतो की. नात दाखवा."

"पप्पांना त्रास होतोय, दिसत नाही का?"

"दिसतंय. व्हायला वेळ लागत नाही, मी बघितलेत असे पुष्कळ. छातीवर हात जातो, ओठ निळे पडतात. मग मला पुन्हा यायचा हेलपाटा. त्यापेक्षा थांबतोच."

"अहो!" बायको पुढच्या सीटवरून म्हणाली. "असं काय बोलता?"

"तू गप्प बस. शांत भाग आहे. झाडं आहेत. आवडला मला. आजपासून इथेच राहायचं."

वर सर खुर्चीत कोसळले होते आणि "दाखव तिला, दाखव एकदाची" असं ओरडत होते. शेवटी लेक उतरली, केस विस्कटलेले, छातीशी गुंडाळलेलं बाळ. बापाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली आणि गाडीतून उतरून पुढे आलेल्या आईच्या हातांत बाळ असं ठेवलं, जसं कुणी चोराला पाकीट काढून देतं.

बायकोला मात्र आता कुणीच दिसत नव्हतं. ना गर्दी, ना जावई. बाळाने तिचं बोट धरलं. "अगं माझी ठमी," ती पुटपुटली. "नाक आजीचं घेतलंस होय?" पिशवीतून तिने स्वेटर काढला. एका हाताने घालता येईना, उभं राहून गुडघे दुखायला लागले, तसं तिने जे अंगणात रोज केलं तेच केलं. गाडीच्या मागच्या दारात टेकली, आणि दोन्ही हात मोकळे व्हावेत म्हणून बाळाला शेजारच्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर निजवलं.

तिच्या दृष्टीने त्या कॉलनीत याहून स्वच्छ जागा नव्हती.

जिन्यातली सगळी माणसं एकदम मागे सरकली. पिवळी बाही एका हातात गेली होती, दुसरा हात हवेत नाचत होता, आणि बाळ हसत होतं, हो, चक्क हसत होतं. लेकीने झेप घेतली. बाळ ओढलं. दुसऱ्या हाताने आईला असं ढकललं, की तिचं डोकं स्ट्रेचरच्या लोखंडावर आपटलं.

"मेलात तुम्ही मला!" लेक म्हणाली. ओरडली नाही, म्हणून जास्त लागलं. "दोघंही. आज."

"अगं, धुतलेली आहे," आई डोकं धरून म्हणाली. "निघायच्या आधीच धुतली. वास घेऊन बघ."

लेक बाळाला घेऊन वर निघून गेली. पोहोचव्याने स्ट्रेचर आत ढकलला, दार लावलं आणि बायकोला पुढे बसवलं. गाडी फाटकाशी पोहोचली तेव्हा आरशात त्याला तिसऱ्या मजल्याची बाल्कनी दिसली. तिथून काहीतरी पिवळं भिरभिरत आलं आणि टपावरच्या कॅरियरला अडकलं. त्याने ब्रेक लावला नाही. बायकोला सांगितलंही नाही.

रस्ताभर ती एवढंच म्हणाली, "स्टेशनजवळ थांबलो असतो, तर उद्या आली असती कदाचित."

आली नसती, हे त्याला माहीत होतं. तिलाही. पण ते त्याच्या माथी मारायला तिला आता जन्मभर पुरणार होतं, आणि त्याला ऐकून घेणं भाग होतं.

शवागाराच्या आवारात त्याने गाडी रिव्हर्स घेतली. तिथला मदतनीस बाहेर आला. पांढऱ्या कोटामुळे सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे. जेवता जेवता प्रेतं मोजणारा माणूस. त्याची नजर टपावर गेली. हात वर करून त्याने स्वेटर काढला, तळहातावर पसरला. एक बाही उलटी झाली होती. त्याचा चेहरा उतरला.

"लहान होतं का रे?" त्याने हळूच विचारलं. "घरचं?"

पोहोचव्याने तोंड उघडलं. पण उत्तर पुढच्या सीटवरून आलं.

"आमची नात," बायको म्हणाली. हात पुढे करून तिने स्वेटर घेतला आणि बाही सुलटी केली.

"अरेरे. कधी?"

"आत्ताच. दुपारी."

"इथेच शहरात होती? कुठल्या भागात?"

"फार चांगल्या भागात," ती म्हणाली.

डॉक्टरने मान हलवली आणि हातमोजे चढवले. "चल बाबा, स्ट्रेचर काढ. तुझं गावचं माणूस सकाळपासून तयार करून ठेवलंय."