मागच्या चाकाचे दोन सूर

पोस्टमन पंडितची सायकल त्याच्या भावाने खांद्यावर घेऊन आसाराम मिस्त्रीच्या सायकल दुकानात आणली, कारण तिचे मागचे चाक फिरतच नव्हते. पंडित स्वतः मागून चालत आला. त्याचा डावा हात गळ्यात बांधलेला होता. आदल्या दिवशी वालूरच्या रस्त्यावर, नाल्याच्या उतारावर मागच्या चाकाचे तीन स्पोक एकदम गेले, रिम वाकून फ्रेमला अडकली आणि टपालाच्या थैलीसकट तो खडीवर आपटला. गळ्याजवळचे हाड मोडले होते.

"थैली वाचली, मिस्तरी," दुकानाच्या फळीवर टेकत तो म्हणाला. "सरकारी मालाला काय व्हत न्हाई. पडायचं ते आमीच."

आसाराम मिस्त्री हसला नाही. त्याने सायकल उलटी केली, चाक सोडवले आणि मोडके स्पोक एकेक करून उजेडात धरले. तिन्ही एकाच जागी मोडले होते, चाकाच्या मधल्या हबपाशी जिथे तार वाकवलेली असते तिथे.

"तार कच्ची हाय," तो म्हणाला. "दिवाळीपासून हे चौथं चाक माघारी आलं. पोलिस ॲक्शनच्या आधी हैदराबादहून विलायती माल यायचा, चाक एकदा भरलं की माणूस म्हातारा व्हायचा पर चाक न्हाई. आता बन्सीधर शेठनं काय आणलंय बघा."

"बन्सीधरचाच माल का?"

"मंग कुणाचा? उद्या बाजार हाय. समदे व्यापारी असत्याल. त्याच्या दुकानाच्या वट्यावर हे मोडके स्पोक टाकतो आन् चार माणसांत इचारतो, माणसांची हाडं मोडायचा धंदा कवापासून धरला म्हणून."

पंडितचा भाऊ म्हणाला, "बराबर हाय." रस्त्यावरून जाणारे दोघे-तिघे थांबले होते, त्यांनीही माना हलवल्या. सेलूत सायकलीच्या बाबतीत आसाराम मिस्त्रीचा शब्द शेवटचा होता. त्या दिवशी दुकानात जो कोणी हवा भरायला आला त्याला त्याने ते स्पोक दाखवले.

दुकानाच्या मागे एक बांबूचा तट्ट्या होता आणि तट्ट्याच्या मागे घर. त्याची बायको दैवशाला चुलीपाशी बसून हे सगळे ऐकत होती. मिस्त्रीच्या बायकोने दुकानात येऊन बसायची रीत नव्हती, त्यामुळे लग्न झाल्यापासून तिला दुकान ठाऊक होते ते कानांनीच. पंक्चर काढताना घासायचा कागद कसा वाजतो, पंपाचा वायसर सुकला की त्याची धाप कशी लागते, हे तिला न बघता कळे. पण तिचे सगळ्यात ओळखीचे काम चाक भरण्याचे होते. नवे स्पोक ओवून झाले की आसाराम चावीने स्पोकच्या टोकाचे निपल आवळत जाई आणि मधूनमधून नखाने स्पोक छेडून बघे. आधी सगळे वेगवेगळे वाजत. मग हळूहळू एकेक जुळत येई. पुढच्या चाकाचा शेवटी एकच सूर निघे. मागच्या चाकाचे दोन निघत, कारण फ्रीव्हीलच्या, म्हणजे साखळीच्या बाजूचे स्पोक जास्त ताणावे लागतात. त्यांचा सूर उंच, दुसऱ्या बाजूचा जरा खाली. उंच, खाली, उंच, खाली असे चाक सगळीकडून सारखे बोलायला लागले की दैवशाला तव्यावरची शेवटची भाकरी उलटायची. आता ते जेवायला येणार, हे तिला त्यावरून कळे.

थंडी सुरू झाल्यापासून हे दोन सूर जुळत नव्हते.

आधी तिला वाटले, घाई असेल. तो चाक फिरवून बघे, रिम कुठेही डावी-उजवी होत नसे, डोळ्यांना चाक अगदी सरळ दिसे. आउट निघाला, म्हणजे वाकडेपणा गेला, असे म्हणून तो चाक खुंटीला लावी. पण चाक सरळ फिरते म्हणजे सगळे स्पोक सारखे ताणलेले आहेत असे नाही. एक फार आवळला आणि शेजारचा सैल ठेवला तरी रिम सरळ राहू शकते. हे तिला आसारामच्याच तोंडून ठाऊक झाले होते. खूप वर्षांपूर्वी तो एका गिऱ्हाइकाला सांगत होता, ताणलेला स्पोक मोडत नाही, सैल असतो तो मोडतो; दर फेऱ्याला तो जरा वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो, आणि एक दिवस वाकणापाशी तुटतो.

दुसरीही एक गोष्ट तिने मनाशी ताडून पाहिली होती. जिनिंगजवळचा दुसरा सायकल मिस्त्री माणिकराव तोच माल वापरत होता. गाव तेच, रस्ते तेच, बन्सीधरकडचे स्पोक तेच. माणिकरावकडे चाके माघारी येत नव्हती.

आणि तिसरी गोष्ट तिच्या घरातली होती. ती हाक मारी, तो येत नसे. ती मागून काही विचारी, तो उत्तर देत नसे. गिऱ्हाइकांशी मात्र तो नेहमीसारखा बोले. आपले काही चुकले असेल, आपल्यावर राग असेल, असे समजून तिने सगळा हिवाळा काढला होता. मग एकदा ती दारात उभी असताना स्टेशनात गाडीची शिट्टी झाली. आसाराम रोज त्या शिट्टीवर मान वर करायचा. त्या दिवशी तो तसाच खाली बघत राहिला. तेव्हा तिच्या ध्यानात आले की त्याला पुरुषांचे जाड आवाज ऐकू येतात, बारीक आणि उंच आवाज येत नाहीत. शिट्टी गेली होती, तिचा स्वतःचा आवाज गेला होता, आणि स्पोक गेले होते.

हे तिने कोणाला सांगितले नव्हते. कान गेलेल्या मिस्त्रीकडे चाक कोण आणणार?

पण आता पंडितचे हाड मोडले होते, आणि उद्या एका निर्दोष माणसाच्या वट्यावर मोडके स्पोक पडणार होते. बन्सीधरने वडिलांची अडत सोडून हे दुकान नुकतेच घातले होते. आसारामने चारचौघांत तार कच्ची म्हटल्यावर त्याचा माल तालुक्यात कोणी उचलला नसता.

दुपारी जेवणानंतर दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या. आसाराम हात पुसत उभा होता. खुंटीला वालूरच्या मास्तरांसाठी भरलेले मागचे चाक टांगलेले होते. मास्तर उद्या बाजाराला आले की ते नेणार होते. दैवशाला तट्ट्याआडून दुकानात आली. तो तिच्याकडे बघत राहिला.

"तुमी पैज लावायचे न्हवं का," ती त्याच्या समोर येऊन म्हणाली. "काम नसलं म्हंजी. कुणीबी दोन स्पोक वाजवायचे आन् तुमी पाठमोरे राहून सांगायचं, सैल कोणता."

"लावायचो की. चंद्रभान तेल्याकडून लय डाव शेंगा खाल्ल्यात."

"आज मी वाजीवते."

"तुला काय सुचलं हे?" तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. "बरं. हरलीस तर काय देशील?"

"दाराकडं तोंड करा."

तो पाठमोरा झाला. तिने चाक खुंटीवरून काढले, खाली बसून मांडीवर उभे धरले आणि फ्रीव्हीलच्या बाजूचा एक स्पोक नखाने छेडला. तो स्वच्छ वाजला. त्याच बाजूचा त्याच्या शेजारचा छेडला. तो भांड्याला पदर लागावा तसा दबका वाजला. शेंबडे पोरही सांगू शकले असते. ती थांबली. आसारामची पाठ हलली नाही. तिने पुन्हा दोन्ही छेडले, आता जोरात. तिसऱ्या वेळी नखाऐवजी चावीचे लोखंड मारले.

"वाजीव की मंग," आसाराम म्हणाला. "भाकर अंगावर आलीय. उभ्या उभ्या झोप लागंल."

 पाठीमागून बोलून उपयोग नव्हता. थोड्या वेळाने तो आपणहून वळला, आणि तिच्या हातातली चावी त्याला दिसली. सैल स्पोक अजून थरथरत होता. त्याने स्पोककडे पाहिले, मग तिच्या तोंडाकडे, आणि तिच्या तोंडाकडे तो पुष्कळ वेळ पाहत राहिला.

मग तो तिच्यासमोर बसला. त्याने चाक घेतले, स्वतः स्पोक छेडला, रिमला कान टेकवून छेडला, दुसरा कान टेकवून छेडला. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे तो अख्ख्या चाकाभोवती गेला.

"टेकवला की कायतरी येतंय," तो म्हणाला. "पर समदं एकच वाटायलंय." आणि चाक खाली ठेवून, "कवापासून?"

"थंडीपासून असंल."

"तुला ठावं व्हतं."

तिने मान हलवली.

"आन् पंडितचं चाक मी भरलं तवा तू आत बसली व्हतीस."

"व्हय."

 त्याने बोल लावला असता तर तिला बरे वाटले असते. तिने पदराने तोंड पुसले आणि ठरवून आणलेले त्याला सावकाश, ओठ दिसतील असे सांगितले. उद्या वट्यावर जायचे नाही. पंडितला नवे चाक भरून द्यायचे, बाकीच्यांची चाके काहीतरी निमित्त काढून परत मागवायची. तो दुकानात स्पोक छेडील, ती तट्ट्याआड ऐकेल आणि तिथे बांधलेली दोरी ओढून सैल कोणता ते सांगेल. कोणाला कळायचे कारण नाही.

आसारामने सगळे ऐकून घेतले.

"आन् बन्सीधर?" तो म्हणाला. "सकाळधरून मी गावभर सांगून बसलोय, त्याची तार कच्ची म्हणून. पंडितनं टपाल कचेरीत सांगितलं असंल. मी वट्यावर न्हाई गेलो म्हणून ते माघारी यायचं हाय का?"

हे तिच्या विचारातून सुटले होते. घर कसे वाचवायचे एवढेच ती बघत होती.

"मंग त्याला एकल्याला गाठून सांगा," ती म्हणाली. "हळूच."

"बगतो," आसाराम म्हणाला. त्याने मास्तरांचे चाक घेतले आणि एकेक निपल सैल करायला सुरुवात केली, आणि सगळे स्पोक काढून होईपर्यंत थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी तो धुतलेले धोतर नेसला. डोक्याला रुमाल बांधला. पंडितच्या चाकातले मोडके स्पोक त्याने कागदात गुंडाळून घेतले. दैवशाला त्याच्यासमोर उभी राहिली.

"बोलताना हळू बोला," ती म्हणाली. "आता तुमाला अदमास न्हाई ऱ्हात."

त्याने मान हलवली. तो गेल्यावर ती तट्ट्याआडून बाहेर आली आणि पहिल्यांदाच दुकानाच्या फळीपाशी उभी राहिली. बन्सीधरचे दुकान तिथून दिसत होते. बाजार भरला होता. वट्यावर अडतीतली माणसे बसलेली होती. आसाराम येताना दिसला तशी ती माणसे सरकून बसली, कारण काल त्याने काय म्हटले ते सगळ्यांच्या कानावर गेले होते. बन्सीधर उठून उभा राहिला होता. आसारामने त्याच्या कानाशी तोंड नेले. आपण कुजबुजतो आहोत अशीच त्याची समजूत असावी, कारण त्याने तोंडाला हाताचा आडोसाही केला होता.

"शेठ, तुमची तार चांगली हाय. माझे कान गेलेत."

दूरवर मिरच्यांचा ढीग लावून बसलेल्या बाईने मान वळवली. तराजू धरलेला एक हात तसाच राहिला. बन्सीधरने घाईने आसारामचे मनगट धरले आणि त्याला आत ओढायला लागला, पण आसाराम हलला नाही. शेठला ऐकू गेले नसावे, असे त्याला वाटले असेल. त्याने कागद उलगडून मोडके स्पोक वट्यावर ठेवले आणि पुन्हा तेच सांगितले. "सैल ऱ्हायले व्हते. मला वाजल्यालं कळलं न्हाई. पंडित माझ्यामुळं पडला."

वट्यावरच्यांनी मोडक्या स्पोककडे पाहिले. एक म्हातारा अडत्या उठला आणि त्याने आसारामला बसायला जागा करून दिली. आसाराम बसला नाही. तो बाजारात शिरला. गर्दीत त्याचा रुमाल दैवशालाला दिसेनासा झाला, पण आवाज येत राहिला. भाजीच्या ओळीत त्याला वालूरचे मास्तर भेटले. तुमचं चाक मी उकललंय, माणिकरावकडून भरून घ्या. मग कासारांच्या बाजूला दुसरे कोणी गिऱ्हाईक, मग जिनिंगच्या रस्त्याला आणखी कोणी. त्या चाकावर बसू नका. उतरून चालत जा. माझे कान गेलेत. प्रत्येकाला तो जवळ जाऊन, खालच्या आवाजात सांगत होता, आणि कोणत्या गल्लीत तो पोचला आहे ते तिला दुकानाच्या फळीपाशी उभ्या उभ्या कळत होते.