कवळ्यांची खोली

दातांच्या कवळ्या घडविणे हे आमच्या घराचे काम. त्या खोलीत माझा शब्द खाली पडत नसे. धातूचा सांगाडा घासताना चाकाचा सूर बदलला की हात थांबवायचा, हे मुलाला आणि सुनेला मीच शिकवले. टेबलाखालच्या धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या घरघरीत तो सूर ऐकू येत नसे. म्हणून यंत्र बंद ठेवण्याची आज्ञाही माझीच.

एकेचाळिसाव्या वर्षी मुलाची फुप्फुसे आतून घट्ट होत चालली होती. असा आजार क्वचितच कोणाला होतो आणि त्यातून कोणी उठत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितले. मग विचारले, "धुळीत काम करता का?"

"यंत्र आहे ना," नाकातल्या नळीतून श्वास ओढत मुलगा म्हणाला. "कायम चालू असतं."

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. मरणाच्या दारात तो आईची लाज राखत होता. मला क्षणभर हायसे वाटले. खोटे कशाला लिहू, वाटले.

"मग कारण अज्ञात," असे म्हणत बाई लिहू लागल्या. तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेली सून खोकली. कोरडा, आखूड खोकला. मुलाचाही असाच सुरू झाला होता.

मी तिच्याकडे वळले. "तुला काय झालं गं?"

"तुमचं अत्तर, आई! दवाखान्यात येताय की लग्नाला?" ती हसली, आणि हसता हसता पुन्हा खोकली.

मी उभी राहिले. "डॉक्टर, खोडा ते. यंत्र बारा वर्षं बंद आहे. मी बंद करायला लावलं."

"आई, गप्प बस!" जन्मात प्रथमच तो माझ्यावर ओरडला.

"तू गप्प बस. ही नऊ वर्षं त्याच टेबलाशी बसते. आधी हिला तपासा."

बाईंनी तत्काळ छातीचे स्कॅन सांगितले. आत जाण्यापूर्वी सुनेने कानातले काढून माझ्या मुठीत ठेवले. "परत हवेत हं मला. नाहीतर तुमच्या लेकीला देऊन टाकाल."

दार लागले. आतून स्कॅन काढणाऱ्या माणसाची सूचना ऐकू आली, "मोठा श्वास घ्या. रोखून धरा." लगेच खोकला. "पुन्हा घ्या. रोखा." पुन्हा खोकला.

चौथ्या खेपेस तो माणूस अगदी हळू आवाजात म्हणाला, "राहू द्या, ताई. जमेल तेवढाच घ्या."

मुलाशीही दवाखान्यातले सगळे असेच हळू बोलत असत.