फक्त कंपनी द्यायला

लिफ्ट तपासणी खात्यात त्याला तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठीमागे 'साडेआठ'.

त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी नवं घर घेतलं म्हणून त्याने खात्यातल्या चौदा जणांना बोलावलं होतं. आधी प्रत्येकाला सरळ विचारलं होतं, "घेणार किती?" चौदाच्या चौदा जण म्हणाले, "छे, मी फक्त कंपनी द्यायला." त्याने माणसांच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि दोन बाटल्या आणल्या. बरोबर साडेआठला दुसरी बाटली उलटी केली तेव्हा तिच्यातून एकच थेंब आला, तोही विचार करत करत. पावणेनऊला घर रिकामं. तेव्हापासून खात्यात चहा संपो, शाई संपो, नाहीतर एखाद्याची रजा संपो, लोक म्हणायचे, "साडेआठ वाजले वाटतं."

आता तो मुख्य निरीक्षक होणार होता. दारावरची पाटी सोमवारी बदलणार होती. पाठीमागचं नाव बदलायला मात्र शनिवारची संध्याकाळ एवढीच संधी होती. बढतीच्या पार्टीला चोवीस जण येणार होते.

"या वेळी संपता कामा नये," तो बायकोला म्हणाला. "साडेआठला तर नाहीच नाही."

"मग आणा भरपूर."

"भरपूर म्हणजे किती?"

बायकोचं शिवणाचं दुकान होतं. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की ती नुसत्या नजरेने कंबर सांगायची. ती काजं करता करता म्हणाली, "अहो, लोकांना विचारत मात्र बसू नका. टेप लावला की माणूस पोट आत ओढतो."

"तुमचं शास्त्र वेगळं, आमचं वेगळं," तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन विचारायला निघाला.

या वेळी त्याने पद्धत सुधारली होती. प्रत्येकाला दोन प्रश्न: तुम्ही किती घेता, आणि बाकीचे किती घेतात?

"मी? अर्धा पेग, कंपनी म्हणून," वायरमन म्हणाला. मग आवाज खाली आणून, "पण साहेब, टायपिस्टबाईंचं जरा सढळ धरा. दिसतात तशा नाहीत त्या."

टायपिस्टबाई म्हणाल्या, "मी आपली सगळ्यांबरोबर हातात ग्लास धरायचा म्हणून धरते. तुम्ही त्या वायरमनला सांभाळा. तो अर्धा म्हणतो ना, ते बाटलीबद्दल असतं."

निवृत्त होणारे मोठे साहेब म्हणाले, "डॉक्टरांनी बंद करायला सांगितलीय. म्हणजे कमी. म्हणजे, शनिवारचं काही बोलले नाहीत."

संध्याकाळी त्याने बेरीज केली. प्रत्येकाने स्वतःबद्दल सांगितलेलं धरलं तर चोवीस जणांना तीन बाटल्या पुरत होत्या. इतरांनी सांगितलेलं धरलं तर सदतीस. चोवीसच्या चोवीस जण कंपनी द्यायला येणार होते. ती नेमकी कोणाला, हे वहीत कुठेच नव्हतं.

पण तो लिफ्टवाला होता. लिफ्टचा दोर जेवढं वजन उचलणार असतो, त्याच्या बारापट ताकदीचा घेतात, कारण पाटीवर 'आठ माणसे' लिहिलेलं असलं तरी आत किती घुसतील ते देवालाच माहीत. त्याने तीनला बाराने गुणलं. छत्तीस! दोन वेगळ्या वाटांनी निघालेले आकडे जवळजवळ एकाच ठिकाणी पोचलेले पाहून त्याला भरून आलं.

"छत्तीस?" दारूच्या दुकानदाराने चष्मा वर सरकवला. "मंडळी किती?"

"चोवीस."

"बसून पिणार की पडून?"

"कंपनी द्यायला येतायत," तो म्हणाला.

बाटल्या पलंगाखाली रचल्या गेल्या. त्याला सगळ्या टेबलावर मांडायच्या होत्या, पण बायको म्हणाली, "दोनच ठेवा. घर आहे, गोदाम नाही."

शनिवारी सात वाजता मंडळी आली आणि भिंतीला धरून बसली. त्याने ग्लास भरायला घेतले.

"बस, बस!" वायरमनने ग्लासावर तळहात ठेवला. "अर्धा म्हणालो होतो मी." हे तो टायपिस्टबाईंकडे बघत म्हणाला. टायपिस्टबाईंनी ग्लास हातात धरला, आणि बोलल्याप्रमाणे नुसता धरूनच ठेवला. चोवीस जणांना ठाऊक होतं की आपण वहीत काय सांगितलंय, आणि उरलेल्या तेवीस जणांनी आपल्याबद्दल काय सांगितलं असेल याचाही प्रत्येकाला अंदाज होता. सगळे खोकल्याचं औषध घ्यावं तसे घोट घेत होते. हवेबद्दल बोलून झालं. हवा तशी बरी होती. पुन्हा एकदा हवेबद्दल बोलून झालं.

सव्वाआठला पहिली बाटली जेमतेम तळाला टेकली होती. दुसरीचं झाकण शाबूत होतं. आठ पंचवीसला मोठे साहेब खिशात चष्म्याची डबी चाचपत म्हणाले, "बरं, निघावं म्हणतो."

चार वर्षांपूर्वी दारू संपली म्हणून लोक गेले होते. आज पलंगाखाली चौतीस बाटल्या असताना जात होते, आणि वेळ मात्र तीच गाठत होते.

तो स्वयंपाकघरात धावला. "अगं, उठताहेत सगळे!"

बायकोने दाराच्या फटीतून एकवार नजर फिरवली. "उठतील नाहीतर काय करतील? टेप लावून बसवलंय तुम्ही त्यांना. दीड तास पोटं आत ओढून बसलेत बिचारे."

"मग आता?"

"मी सोडायला लावते. पण एक आहे. तुमचं ते साडेआठ नाव काही जायचं नाही मग."

सोमवारची पाटी त्याच्या डोळ्यांसमोरून गेली. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्याने मान हलवली.

बायको बाहेर गेली, टेबल पुसता पुसता न उघडलेली बाटली ॲप्रनमध्ये गुंडाळली, रिकामी वर धरली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मंडळी, माफ करा हं. संपली!"

चोवीस जणांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"साडेआठ!" वायरमन ओरडला.

मग असा हशा उसळला की वरच्या मजल्यावरच्यांनी जमिनीवर काठी आपटली. मोठे साहेब हसत हसत पुन्हा खुर्चीत कोसळले. "चार वर्षांत मिनिटाचा फरक नाही हो!"

"मागच्या वेळी तर मी चौथ्याला हात घालत होते," टायपिस्टबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"चौथा? तुम्ही तर कंपनी द्यायला होता!"

"मग? लोक फार होते ना, पुरवायला लागली."

"थांबा," बायको म्हणाली, "पलंगाखाली माझ्या भावाने काहीतरी ठेवल्यासारखं वाटतं." तिने दोन बाटल्या आणल्या. त्या कोणाच्याच हिशेबात नव्हत्या, त्यामुळे कोणीच तळहात आडवा धरला नाही. थोड्या वेळाने भावाच्या आणखी दोन सापडल्या. मग आणखी दोन.

"भाऊ करतो काय तुमचा?" मोठ्या साहेबांनी ग्लास पुढे करत विचारलं.

"फार विसराळू आहे," बायको म्हणाली.

आतल्या खोलीत तो गुडघ्यांवर बसून पलंगाखालून बाटल्या काढून देत होता. नवव्या बाटलीला बायको आत आली ती भरलेला ग्लास घेऊन.

"मी?" तो म्हणाला. "मी नुसता बघतोय, पुरते की नाही."

"घ्या हो. चोवीस माणसं कंपनी द्यायला आलीत. कोणीतरी पिणारा नको का?"

त्याने ग्लास हातात घेतला. बाहेरून वायरमनची हाक आली, पहिल्यांदाच तोंडावर, "साडेआठसाहेब! कुठे दडलात?"

"आलो, आलो," साडेआठ म्हणाला, आणि पोट सैल सोडून बाहेर गेला.