त्या दिवशीचा नाश्ता

ताईने टोस्टची करपलेली कड सुरीने खरवडली आणि ताटली टेबलावर नेऊन ठेवली. घरात पाहुणा मेला म्हणून उरलेल्या पाहुण्यांची भूक मरत नाही. उलट कालपासून सगळे जरा जास्तच खात होते. पोलिसांनी घर सोडायला मनाई केली होती, बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती, आणि बसल्याजागी चघळायला खून मिळाला होता. लोणी कमी पडलं ते उगाच नाही.

"हा खूनच आहे," निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या. निवृत्त झाल्यापासून त्यांना वर्ग मिळाला नव्हता, तो इथे नाश्त्याच्या टेबलावर मिळाला होता. "हीटरच्या नळीत फडकं आपोआप जाऊन बसत नाही."

"अगं, हळू बोल," त्यांचे यजमान म्हणाले आणि जॅमची बाटली जवळ ओढली.

मेलेला माणूस चष्म्यांच्या फ्रेमा विकत फिरणारा. परवा अंधार पडल्यावर बॅग घेऊन दारात उभा राहिला. दोघी बहिणी पाहुण्यांना भाड्याने देत त्या घरातल्या सगळ्या खोल्या भरलेल्या होत्या, पण त्या थंडीत त्याला दुसरीकडे जा म्हणायला ताईची जीभ रेटेना. तिने त्याला स्वतःची खोली दिली आणि आपण चादरी ठेवायच्या कोठीत, इस्त्रीच्या ढिगाशेजारी अंग टाकलं. असं ती पूर्वीही करायची, पण गुपचूप. धाकट्या बहिणीला कळलं की ती नुसती फाडून खायची. "मालकीण तू, आणि झोपतेस मोलकरणीसारखी!" परवा धाकटी डोकं दुखतंय म्हणून लवकर वर निघून गेली होती, ते ताईच्या पथ्यावरच पडलं.

काल सकाळी तो माणूस ताईच्या पलंगावर मेलेला सापडला. खोलीत गॅसचा हीटर होता, थंडी वाढली की ताई तो रात्रभर लावायची. त्याची धूर बाहेर टाकणारी नळी मागच्या बोळात निघते. तिच्या तोंडात कोणीतरी उशीच्या जुन्या अभ्र्याचं फडकं गच्च कोंबलं होतं, आणि धूर रात्रभर खोलीतच कोंडला होता.

"पण त्याला मारेल कोण?" मुख्याध्यापिकांनी चमचा वर धरला. "इथे त्या बिचाऱ्याला ओळखतंच कोण होतं? अशा वेळी एकच करायचं. काल सकाळी रोजच्यापेक्षा वेगळं काय होतं, ते आठवायचं."

"ऑम्लेट," यजमान म्हणाले.

"काय?"

"ऑम्लेट वेगळं होतं. खाली लागलं होतं. धाकट्या बाईंनी केलं होतं ना काल."

"तुमचं आपलं खाण्याच्या पुढे काही जातच नाही!"

सगळे हसले. ताईही हसली. हसता हसता तिने चहाची किटली टेबलावर टेकवली, आणि मग ती तिला पुन्हा उचलवेना.

धाकटीला सकाळ कधी मानवलीच नाही. लहानपणी आई तिला शाळेसाठी ओढून उठवायची, पुढे ते काम ताईकडे आलं आणि ताईने ते आनंदाने सोडून दिलं. झोपू दे तिला. नाश्ता ताईचा, संध्याकाळची आवराआवर धाकटीची, अशी वाटणी होऊन गेली. काल मात्र कोठीला खिडकी नसल्यामुळे उजाडल्याचं ताईला समजलंच नाही. जाग आली ती तव्याच्या वासाने. धडपडत स्वयंपाकघरात आली तर धाकटी एप्रन बांधून अंडी फेटत उभी! टेबल मांडलेलं, कप उपडे घातलेले, पाव कापून ठेवलेला.

ताईला भरून आलं होतं. धाकटीने वर पाहिलं आणि तिच्या हातातलं भांडं निसटलं. "तू कुठे होतीस?" असं काहीतरी ती म्हणाली आणि तिथेच फरशीवर बसून हमसून हमसून रडायला लागली. ताईने तिला पोटाशी धरलं. कोठीत झोपले होते गं, रागावू नकोस, म्हणून समजूत काढली. मग धाकटीने डोळे पुसून विचारलं होतं, "तुझ्या खोलीत कोण आहे?"

हे सगळं ताईने कालच शेजारणीला कौतुकाने सांगितलं होतं. बघा, एरवी आळशी वाटते, पण वेळ आली की कशी उठते!

वेळ येणार आहे हे तिला कळलं कसं?

ताई टेबलाची कड धरून उभी राहिली. हाक नाही, गजर नाही, कोणी उठवलेलं नाही. आज ताई उठायची नाही, नाश्ता आपल्यालाच करायला हवा, हे त्या घरात एकीलाच ठाऊक होतं. त्या फ्रेमावाल्याचा शत्रू शोधून उपयोग नव्हता. फडकं ताईच्या खोलीच्या नळीत घातलेलं होतं, ताईसाठी.

ती स्वयंपाकघरात गेली. धाकटी नळाखाली कप विसळत होती.

"काल इतक्या लवकर कशी गं उठलीस?"

कप हातात तसाच राहिला. पाणी वाहत होतं.

"झोपच लागली नाही," धाकटी म्हणाली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

घर वडिलांनी दोघींच्या नावावर केलं होतं. एकीने नाही म्हटलं की दुसरीला ते विकता येत नव्हतं. विकून टाकू, जिथे सकाळी कोणी घंटा वाजवणार नाही अशा दोन खोल्यांत जाऊन राहू, असं धाकटी दर हिवाळ्यात म्हणायची. ताई म्हणायची, बघू. लोकांच्या चादरी झटकण्यात जन्म गेला माझा, असंही धाकटी एकदा म्हणाली होती, तेव्हा ताईने ते हसण्यावारी नेलं होतं. आता तिच्या पाठीकडे बघताना ताईला राग येईना. राग आला असता तर बरं झालं असतं. तिला नुसतं रिकामं वाटत होतं, आणि या रिकामेपणाला कुठे तळ असेल असं वाटत नव्हतं.

दारावरची घंटा वाजली. इन्स्पेक्टर आले होते, आणि त्यांच्यामागे हीटर साफ करणारा मिस्त्री, टोपी हातात चुरगाळत.

"गेल्या आठवड्यात यानेच नळ्या साफ केल्या होत्या ना?" इन्स्पेक्टरांनी विचारलं. "फडकं आत विसरला असणार. कबूल करत नाही. नेतो आता याला."

"बाई, तुम्ही तरी सांगा," मिस्त्रीचा आवाज फाटला. "तुमच्यासमोर नळी फुंकून दाखवली होती मी. माझ्या घरी काय सांगू मी?"

पाहुणे चमचे खाली ठेवून ऐकत होते. धाकटी हात पुसत दारात येऊन उभी राहिली. ताईने तिच्याकडे पाहिलं. फार काही नको होतं तिला. नुसतं "ताई" म्हणाली असती तरी पुरलं असतं.

"त्याला सोडा," ताई म्हणाली. "फडकं मी घातलं."

"तुम्ही?"

"नळीतून गार वारा यायचा. मी हीटर लावत नाही, म्हणून बुजवून टाकली. मग हा पाहुणा आला, त्याला खोली दिली, आणि फडक्याचं डोक्यातच राहिलं नाही."

"मग काल का नाही बोललात?"

"धीर झाला नाही."

एवढं बोलून ती थांबली. मुद्दामच थांबली. कोणाला मध्ये बोलायचं असेल तर बोलता यावं, इतका वेळ ती थांबली. मिस्त्री भिंतीला टेकून रडायला लागला होता.

"म्हणजे खून नाहीच," मुख्याध्यापिका हिरमुसल्या. यजमानांनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि त्यांना गप्प केलं.

इन्स्पेक्टरांनी सुस्कारा सोडला. "चला मग, बाई. जबाब द्यावा लागेल. कदाचित काही दिवस राहावंही लागेल तिकडे."

धाकटी वळून आत गेली. धाकटी परत आली तेव्हा तिच्या हातात ताईचा जाड स्वेटर होता. तिने तो ताईच्या अंगात घातला, खालपासून वरपर्यंत बटणं लावली, कॉलर नीट केली. ताई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. धाकटी बटणांकडे बघत होती.

सगळे बाहेर आले. पायऱ्यांवर दव गोठलं होतं.

"ताई," धाकटी म्हणाली.

ताई थांबली.

"पायरी निसरडी आहे. जपून उतर."

आणि तिने हात पुढे केला. ताईने तो धरला आणि तिच्या आधाराने एकेक पायरी खाली उतरली.