पडद्यावरचा हात

वंदनाबाई पहिल्यांदा आमच्या दारात आल्या तेव्हा त्यांनी चपला बाहेर काढल्या, आणि मला तिथेच संशय आला. डिंडोलीत कामासाठी येणारी बाहेरची माणसं चपला काढत नाहीत. मतं मागणारे काढत नाहीत, आणि प्लेगच्या सालात पावडर मारायला आलेले तर बूट घालून थेट चुलीपर्यंत गेले होते. ही बाई मात्र अनवाणी आत आली, खाली फरशीवर बसली, माझ्या हातातल्या साडीवरच्या टिकल्यांचं कौतुक केलं आणि चहात साखर कमी असली तरी चालेल म्हणाली. एवढं गोड बोलणारं माणूस काहीतरी न्यायलाच आलेलं असतं, असा माझा सुरतेतला अनुभव आहे.

काय हवंय ते त्यांनी सांगितलं. त्या शहरातल्या एका शाळेत नाच शिकवायच्या. त्यांचा धाकटा भाऊ हर्षल लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट काढायचा. दोघं मिळून आमच्या वस्तीमागच्या खाडीवर पिक्चर बनवणार होते. तो खाडीकाठच्या मैदानात मोठ्या पडद्यावर लावायचा आणि पडद्यापुढे आमच्या पोरींनी नाचायचं. खाडी कशी होती नि कशी झाली, ते लोकांना कळावं म्हणून.

“कोणत्या लोकांना?” मी विचारलं. “आम्ही तर रोजच बघतो.”

“बघता, पण बोलत नाही ना, सुंदराताई,” त्या हसून म्हणाल्या.

मला ते हसणं अजिबात आवडलं नाही. न बोलायला आमच्याकडे कारण होतं. खाडी पलसाण्याच्या बाजूने येते, आणि तिकडच्या रंगाच्या मिलांचं पाणी घेऊनच येते. बाजारात यंदा कोणत्या रंगाच्या साड्या चालणार हे आम्हाला दुकानात जाऊन बघावं लागत नाही, खाडीच सांगते. पण त्यातल्याच एका मिलमध्ये माझ्या मुलीचे, वर्षाचे, वडील कामाला होते. आमची चूल त्या रंगावर पेटत होती, मग बोलायचं कोणाला?

आणि बोलण्यासारखं आमच्याही घरात घडलं होतं. श्रावणात आम्हा खानदेशी लोकांकडे कानबाई बसते. नारळाला देवीचं रूप देतात, नथ आणि दागिने घालतात, रात्रभर जागवतात आणि सोमवारी वाजतगाजत पाण्यात नेऊन शिरवतात. मागच्या वर्षी माझ्या वर्षाने पहिल्यांदा कानबाई डोक्यावर घेतली आणि गुडघाभर पाण्यात उतरली. पाणी त्या दिवशी मेंदीसारखं दिसत होतं. तिच्या पायांना जे फोड आले ते दिवाळीपर्यंत गेले नाहीत. कामावरून आले की तिचे वडील तिचे पाय मांडीवर घेऊन मलम लावायचे, पण तोंडातून चकार शब्द काढायचे नाहीत. मला तेव्हा त्यांचा फार राग यायचा.

तर वंदनाबाईंनी वस्तीतल्या पोरी गोळा केल्या आणि त्यांत माझी वर्षा सगळ्यांच्या पुढे. गल्लीत नाही नाही ते बोललं जाऊ लागलं. उषाबाई म्हणाली, ही मुनसिपालटीची माणसं आहेत, झोपड्या पाडायच्या आधी असेच फोटो घेऊन जातात. कोणी म्हणालं, पोरींना नाचाच्या नावाखाली मुंबईला पळवतील. मला दोन्ही खरं वाटलं. वर्षाच्या वडिलांनी तर घर डोक्यावर घेतलं.

“तिले नाचाले धाडू नको,” ते म्हणाले. “त्या लोकेसना काही भरवसा नई.”

वर्षा ऐकते कुठे! “माय, तू खाली-खाली शक करस,” ती मलाच म्हणाली. “बाई तो एकदम सीधी शे.”

शेवटी मी मधला मार्ग काढला. तिला जाऊ दिलं, पण तालमीच्या वेळी साड्यांचं गाठोडं घेऊन मीही मैदानात जाऊन बसायची. टिकल्या चिकटवायच्या आणि वंदनाबाईंवर डोळा ठेवायचा. महिनाभर डोळा ठेवला, काही सापडलं नाही, आणि त्यामुळे माझा संशय आणखीच वाढला.

कानबाईच्या आदल्या आठवड्यात वाल्मिक आमच्याकडे आला. हा आमच्याच शिरपूरकडचा, वर्षाच्या वडिलांच्याच मिलमध्ये रंगखात्याचा मास्तर, शेठच्या कानाला लागलेला. त्याने खाटेवर बसून घराच्या चारही कोपऱ्यांत नजर फिरवली. मिलच्या मागच्या भिंतीला बेशरमाची झाडी आहे, तिच्यात हर्षलचा कॅमेरा वॉचमनने पाहिला होता. झाडीखाली मिलचा एक चोरटा पाइप होता. तपासणीवाल्यांना दाखवायची गटार वेगळी, आणि खाडीत रंग सोडायचा हा पाइप वेगळा. बाहेरच्या माणसाला तो स्वप्नातही सापडला नसता.

“आपलाच कोनीतरी त्यासनासंगे व्हता, वहिनी,” वाल्मिक म्हणाला. “शेठनी सांगेल शे, नाव निंघनं का त्याले काढी टाकाना. मंग ह्या रोडवर दुसरी कोनतीच मिल त्याले घेनार नई.”

वर्षाचे वडील कोपऱ्यात विडी ओढत होते. “काढालेच पाहिजे असा मानूसले,” ते म्हणाले. मीही मान डोलावली. ज्याने स्वतःच्या पोटावर पाय आणला आणि दुसऱ्यांच्याही आणू पाहिला, त्या मूर्खाची मला मुळीच दया आली नाही.

कानबाई बसली आणि गेली. यंदा वर्षाला मी पाण्यात उतरू दिलं नाही, काठावरूनच वळवलं. घरात रोट उरले होते. रोट म्हणजे कानबाईचा प्रसाद. घरातल्या पुरुषांच्या नावाने मूठमूठ गहू काढतात, दळतात आणि त्याचे जाड, गोड रोट भाजतात. पौर्णिमेच्या आत ते संपवायचे, आणि खायचे फक्त घरच्यांनी. शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, मैत्रिणीला द्यायचे नाहीत, दारात भुकेला उभा राहिला तरी त्याला भाकरी द्यायची पण रोट नाही. ज्याने रोट खाल्ला तो भाऊबंद, असा आमच्या घराण्याचा नेम. माझी सासू, अनुसयाबाई, रोटाचा काठ बांगडीने दाबायची. तिच्यामागे मीही तसाच दाबते. गल्लीत दुसऱ्या कोणाच्या रोटाला तसा काठ नाही.

पंधरा ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी पिक्चर होता. पावसाने उघडीप दिली होती. मैदानात बांबू रोवून कोऱ्या कापडाच्या पट्ट्या जोडलेला पडदा बांधला होता, आणि समोर टेबलावर भाड्याने आणलेलं मशीन. सारी वस्ती लोटली. पुढच्या खुर्चीवर वाल्मिक येऊन बसला. तो पिक्चरला आला नव्हता, माणूस ओळखायला आला होता, आणि ते लपवायची त्याला गरजही वाटत नव्हती.

पोरींच्या वेण्या घालायला मी पडद्यामागे गेले. तिथे वंदनाबाई उभ्याउभ्या डब्यातून काहीतरी खात होत्या. दिवसभर उपाशी असतील. मी सहज बघितलं आणि माझे हातच थांबले. डब्यात अर्धा रोट होता, आणि त्याच्या काठावर माझ्या बांगडीचे दात.

“हा कोणी दिला?”

“एका भल्या माणसाने,” त्या म्हणाल्या. “काय चव आहे, सुंदराताई! पण नाव विचारू नका हं. शब्द दिलाय.”

मी वर्षाला दंडाला धरून बाजूला ओढलं. तिने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, “कानबाईनी आन, माय, मी नई दिधा.” पोरगी कानबाईची खोटी शपथ घेणार नाही. मग घरात राहिलं कोण?

मी पडद्याच्या कडेने बाहेर बघितलं. पानाच्या टपरीशी वर्षाचे वडील उभे होते. एवढ्या उकाड्यात, ज्या माणसाच्या बाह्या बारा महिने कोपराच्या वर असतात, त्याने आज त्या मनगटापर्यंत सोडून बटणं लावली होती. सगळं माझ्या ध्यानात आलं. घर डोक्यावर घेणं, ‘काढालेच पाहिजे’ म्हणणं, सारं सोंग होतं. महिनाभर मी परक्या बाईवर डोळा ठेवला आणि चोर माझ्याच ताटाशी जेवत होता. राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

“बाई, पिक्चरमध्ये तो माणूस दिसतो?”

वंदनाबाई चपापल्या. मग माझ्याकडे बघून त्यांना सगळं कळलं असावं. “चेहरा कुठेही नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “माझी जबान आहे. फक्त हात दिसतो, पाइपाचं झाकण उचलताना.”

“कोणता हात?”

त्यांना प्रश्नच समजला नाही. शहरातल्या माणसाला वाटतं, तोंड लपवलं की माणूस लपला. वर्षाच्या वडिलांच्या उजव्या हातावर, कोपराखाली, आईचं नाव गोंदलेलं आहे. मोठ्या अक्षरांत ‘अनुसया’, आणि शेजारी तुळस. मिलमध्ये सगळे उघड्या हातांनी काम करतात, त्यामुळे ते गोंदण वाल्मिकला पाठ होतं.

तेवढ्यात पिक्चर सुरू झाला. वंदनाबाई हर्षलला थांबवायला मशीनकडे धावल्या, पण मध्ये अख्खी वस्ती मांडी घालून बसलेली. पडद्यावर पलसाण्याकडचा रस्ता आला, मग ऊस, मग खाडी. पोरी पांढरं लांब कापड धरून पाण्यासारख्या वळत होत्या. माझी वर्षा मधोमध होती. इतकी छान नाचत होती की दुसऱ्या वेळी मी रडले असते. मग पडद्यावर झाडी आली. पानं हलली. बाहेरून एक मनगट आत आलं.

मी पळाले. पडद्यापुढे, त्या उजेडात, पदर दोन्ही हातांनी पसरून उभी राहिले आणि घुमायला लागले. तोंडाने कानबाईच्या नावाने आरोळी ठोकली. केस सुटले, बांगड्या फुटल्या. तो हात माझ्या पाठीवर, पदरावर, केसांवर पडत असणार, मला दिसत नव्हता. मी फक्त थांबत नव्हते.

“सुंदराना आंगमा उनी!” उषाबाई ओरडली. “कानबाई उनी, कानबाई!”

माझ्या अंगात कानबाई कधी आली नव्हती, आणि त्या दिवशीही आली नव्हती. पण अंगात आलेल्या बाईला आमच्यात कोणी हात लावत नाही, बाजूला हो म्हणत नाही. बाया उठल्या, हात जोडून पुढे आल्या, कोणी माझ्या पायांवर पाणी ओतलं, कोणी फुगडी धरली. बघता बघता पडद्यापुढे डोकीच डोकी झाली. वर्षा पांढरं कापड घेऊन माझ्याभोवती फिरू लागली. खुर्चीवरच्या वाल्मिकलाही चपला काढून उभं राहावं लागलं, हात जोडावे लागले आणि डोळे मिटावे लागले.

मी दमून खाली बसले तेव्हा पडद्यावरून हात निघून गेला होता. पाइपातून लाल पाणी येत होतं. ते आमच्या सगळ्यांच्या अंगांवर पडलेलं होतं, साड्यांवर, पोरींच्या पायांवर. वर्षा आपल्या पायांकडे बघत होती, आणि मग सगळ्या बाया आपापल्या पोरींच्या पायांकडे बघू लागल्या.

वाल्मिक जाता जाता माझ्याजवळ थांबला. “वहिनी,” तो म्हणाला, “मायनी बराबर येळवर वारं धाडं.”

“माय शे ती,” मी म्हणाले. “तिले येळ समजस.”

तो माझ्याकडे बघत राहिला. पण देवीवर शंका कशी घेणार? पायांत चपला सरकवून गेला.

घरी आल्यावर मी दार लावलं. “तुम्हीन त्या बाईले रोट दिधा?”

“दिधा,” वर्षाचे वडील म्हणाले. “वाल्मिक येईसन गया, मंग मले भ्याव वाटनं. रोट खादा तिनी, आते ती घरनी शे. घरनं मानूस नाव सांगस का?”

“नाव नई सांगं तिनी. हात दखाडी दिधा.”

त्यांनी बाहीचं बटण काढलं आणि आईच्या नावाकडे पाहत बसले. बाह्या त्यांनी नुसत्या घाबरून सोडल्या होत्या. पडद्यावर आपला हात दिसतोय हे त्यांना माझ्याकडूनच कळत होतं. मग म्हणाले, “पोरना पाय मनाथीन दखायनात नई.” मला त्यांना मारावंसंही वाटलं आणि जवळ घ्यावंसंही वाटलं. मी ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी वंदनाबाई आल्या. पुन्हा चपला बाहेर. डोळे रडून सुजलेले. म्हणाल्या, “तो हात मी पुसून टाकलाय, सुंदराताई. कॅसेटमध्ये आता फक्त पाणी आहे. माझ्यावर विश्वास ठेवा.”

मी ठेवला नाही. डबा उघडला आणि शेवटचा रोट त्यांच्यापुढे ठेवला. पौर्णिमा तोंडावर आली होती.

“काल खाल्लात तो नेम माहीत नसताना,” मी म्हणाले आणि त्यांना नेम सांगितला. “हा माहीत करून खा. घरी नेऊ नका, इथेच बसून खा.”

त्यांनी रोटाला हात जोडले आणि खायला लागल्या. रोट जाड होता, घशाखाली उतरत नव्हता. मी समोर उभी राहून शेवटच्या घासापर्यंत बघत राहिले, आणि मगच त्यांना पाणी दिलं.